शंखाच्या तोंडाशी

मैदानावर ढोल लागायच्या आधीच आमच्या टाकीतलं पाणी सांगतं की नवरात्र आलं. मंडपाचे बांबू अजून अर्धेच उभे असतात, खालचा चिखल नीट वाळलेला नसतो, आणि कुणीतरी स्पीकर जोडून तपासणीचा एक ठोका देतो. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यातला सूर गळून गेलेला असतो, नुसता दणका उरतो. ट्यूबलाइटच्या उजेडात पाण्यावर बारीक रेघा उठतात आणि माझे सगळे मासे एका क्षणात नाहीसे होतात. मागे उरते वाळू, आणि वाळूत गळ्यापर्यंत पुरलेले शंख. मी हातातलं काम तिथेच टाकून टाकीसमोर येऊन उभी राहते. हात आपोआप पोटावर जातो. त्या एका नवरात्राला आता बरीच वर्षं झाली, तरी जातो.

या माशांविषयी आधी सांगायला हवं, नाहीतर आमच्याकडे पहिल्यांदा येणारा प्रत्येकजण ती दीड फुटी टाकी बघून विचारतो, "मेले का गं सगळे?" मेले नाहीत, घरात आहेत, असं मी सांगते. आफ्रिकेतल्या एका अवाढव्य तळ्याच्या तळाशी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचा खच पडलेला असतो, तिथले हे मासे. शास्त्रीय नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून पाळणारे लोक त्यांना नुसतं मल्टी म्हणतात. अंगावर बारीक उभे पट्टे, डोळ्यात निळसर झाक, आणि मादी जेमतेम माझ्या करंगळीच्या पेराएवढी. प्रत्येकीचा स्वतःचा शंख. तो जागेवर बसवायला ती तोंडाने वाळूचा एकेक घास उचलून लांब नेऊन टाकते, दिवसभर, न थकता, शंखाचं तोंड तेवढं उघडं राहीपर्यंत. पाण्यात हात घातलात तर चावते. दुखत नाही, पण तिच्या बाजूने ती जीव खाऊन चावलेली असते. मला त्यांचा हा चिडका स्वभाव आवडतो. सुजित, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की त्यात काही नवल नाही.

अंडी शंखाच्या आत, अगदी खोल वळणात. ती कधीच दिसत नाहीत. मादी शंखाला चिकटून राहायला लागते, शेपटीने आत वारा घालते, जरा कुणी जवळ आलं की धावून जाते, एवढ्यावरून ओळखायचं. मग एके दिवशी शंखाच्या तोंडाशी कुसळाएवढं काहीतरी हलतं. तोवर पाळणाऱ्याने काहीही करायचं नसतं. अंधेरीच्या ज्या बाईंकडून मी माझी पहिली चार मल्टी आणली, त्यांचं स्वयंपाकघर टाक्यांनी भरलेलं होतं आणि बोलणं अगदी तुसडं. "शंख हलवायचा नाही. उचलून बघायचा नाही. टॉर्च मारायचा नाही. बघायची घाई असेल तर गप्पी पाळ, त्यांचं सगळं उघड्यावर असतं," असं म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली होती.

मुंबईचं पाणी या माशांना फार मऊ पडतं. त्यांना जड पाणी लागतं, म्हणून फिल्टरशेजारी प्रवाळाच्या चुऱ्याची पुरचुंडी ठेवते. शिवाय नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून बाल्कनीत एक बादली कायम भरून उघडी ठेवलेली असते. ती बादली बघून सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "ह्या पाणी कोणाक गो? आमका नळाचा चलता, नि माशांक शिळा लागता?" पण टाकीतले शंख त्यांनीच आणून दिलेले. कुडाळजवळच्या त्यांच्या गावात भातशेती आटली की बांधाला गोगलगायींचे रिकामे शंख सापडतात. ते त्यांनी वेचून, उकळून, बिस्किटांच्या डब्यात भरून आणले, आणि सुनेचं खूळ म्हणून गावभर सांगितलंही.

त्या वर्षी मी टाकीसमोर उभी राहत नव्हते, आडवी होते.

गर्भपिशवीचं तोंड वेळेआधीच उघडायला लागलंय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी टाका घातला. "आता झोपून राहायचं. बाथरूमपुरतं उठायचं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, शिंक आली तर कुशीवर वळून शिंकायचं." आधीचं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. मुलगा होता. या वेळचं मूल पाचवा ओलांडून सहाव्यात आलं होतं आणि तिथे टिकेल का, हा एकच प्रश्न घरात होता. तो कुणी तोंडाने विचारत नव्हतं. डॉक्टरबाई आठवडे मोजत, मी घरात आकडा काढू देत नव्हते. सुजितने एकदा महिना बदलला म्हणून कॅलेंडरचं पान उलटलं, तर मी त्याच्यावर असा आवाज चढवला की त्याने कॅलेंडरच काढून कपाटावर टाकलं.

हॉलमध्ये वारा जरा बरा येतो म्हणून माझी खाट तिथे आणली होती. उजवीकडे खिडकी, समोर टाकी. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगांच्या कारखान्यात मी तपासनीस होते. रंगाच्या कुठल्या पुडीत काय मिसळलंय हे शोधून काढायचं काम. दिवसभर पायावर उभं राहणारी मी, आता छताकडे तोंड करून पडलेली. तोवर मला वाटायचं की भीती प्रसंगाने येते आणि प्रसंग टळला की जाते. त्या ऑक्टोबरात कळलं की ती मुक्कामालाही येते. पोटात हललं तरी भीती, नाही हललं तरी भीती. खोकला आला की भीती. सगळ्यात जास्त भीती बाथरूमची. तिथली फरशी पांढरी होती, आणि मी दिवा न लावता जायचे, कारण फरशीवर लाल काही दिसलं असतं तर.

सासूबाई गावाहून आल्या होत्या. सासरे गिरणीत होते तेव्हा त्यांनी आयुष्याची अनेक वर्षं परळच्या खोलीत काढली. गिरणी बंद पडल्यावर दोघं गावी गेले, आणि काही वर्षांनी सासरे वारले. आता त्या आमच्यासाठी सामानसुमान बांधून आल्या होत्या. कुळथाची पिठी, सोलं, घरचे तांदूळ. स्वयंपाक त्यांनी हातात घेतला, घर घासूनपुसून ठेवलं, माझं पथ्य सांभाळलं. एकच गोष्ट केली नाही. माझ्याजवळ आल्या नाहीत. ताट स्टुलावर ठेवायच्या आणि स्टूल दोन बोटांनी पुढे सरकवायच्या. मागच्या वेळी रोज संध्याकाळी माझ्या केसांना तेल लावून वेणी घालणारी बाई ही. या वेळी तेलाची बाटली उशाशी आणून ठेवली आणि म्हणाल्या, "सुजित लावतलो." सुजित लावतो म्हणजे अर्धं तेल उशीला.

मला राग यायचा. मला वाटायचं, मागचं गेलं त्याचा ठपका यांनी माझ्यावर ठेवलाय. एकदा मी सुजितला म्हटलं, "तुझ्या आईला माझी किळस येते का रे?" तो म्हणाला, "काहीतरीच काय बोलतेस, यार."

घट सुजितने बसवला. मला उठायचं नव्हतं आणि आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, मी नाही, तूच बसव. आमच्या घरात पूर्वेची मोकळी भिंत एकच, तिथे टाकीचं टेबल. तेव्हा टेबलाच्या एका टोकाला टाकी, दुसऱ्या टोकाला पत्रावळीवर माती, त्यात धान्य, वर घट आणि नारळ. शेजारी अखंड दिवा. आणि इथे पंचाईत झाली. पंखा लावला की दिवा फडफडायचा, पंखा बंद केला की मी घामाने भिजायचे. दिवा विझला तर अशुभ, आणि मला उष्णता वाढली तर डॉक्टर ओरडणार. एक दिवस सुजित पंख्याच्या बटणापाशी उभा राहून दोघींकडे आळीपाळीने बघत बसला. शेवटी आईंनीच बाल्कनीतून माझी रिकामी टाकी आणली, आजारी मासा वेगळा ठेवायची ती लहानशी, आणि दिव्यासमोर आडोशाला उभी केली. दिवा काचेआड शांत जळायला लागला. बाजूच्या टाकीत मासे, या टाकीत ज्योत. मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं, जपून.

"घट हलवूचा नाय," आई सुजितला बजावत होत्या. मी म्हटलं, "शंखही हलवायचा नाही बरं का, आई." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तिघांकय हलवूचा नाय."

कारण त्याच दिवसांत एक मादी आत बसली होती. काचेच्या बाजूला दोन शंख जवळजवळ होते. एकाच्या तोंडाची कड चिरलेली, दुसऱ्यावर तपकिरी पट्टा. दोन्हीत दोन शेजारणी, आणि दोघींची दिवसभर वाळूच्या हद्दीवरून भांडणं. चिरलेल्या शंखातली भांडायची थांबली, आत जाऊन शेपटी हलवायला लागली, तेव्हा मी ओळखलं. कंटाळा इतका होता की मी ते आईंना सांगून टाकलं. "ही बघा आई, हिला अंडी झालीत आत." त्या चष्मा लावून काचेजवळ गेल्या.

"गरवार असा?"

"तसंच म्हणा."

"पिलां कधी भायर येतली?"

"आठवड्याभराने. आली तर."

"आली तर म्हणजे?"

"पाणी बिघडलं, घाबरली, तर नाही येत. कधीकधी आईच खाऊन टाकते."

त्या काचेवरून हात काढून मागे सरकल्या. त्यानंतर त्या रोज सकाळी घटाला पाणी घातलं की त्या शंखासमोर उभ्या राहायच्या. मला वाटलं, म्हातारीला करमणूक झाली.

संध्याकाळ झाली की मैदानावर गरबा सुरू व्हायचा. एरवी मलाही आवडायचा. मुलुंडला वाढलेल्या मुलीला दांडिया शिकवावा लागत नाही. पण खाटेवर पडून ऐकलेला ढोल वेगळा असतो. तो कानात नाही, पाठीत येतो. लोखंडी खाटेच्या पायांतून वर चढायचा आणि पोटातलं मूल दचकायचं, किंवा मला तसं वाटायचं. मी दोन्ही हात पोटावर ठेवून आवाज अडवायचा प्रयत्न करायचे. सुजित खाली जाऊन मंडळाच्या मुलांना भेटून आला. ती बिचारी चांगली होती, म्हणाली, दहाला बंद करतोच ना. मग त्याने कुठूनतरी रबराचे जाड तुकडे आणले आणि मी बाथरूमला गेले असताना खाटेच्या पायांखाली सरकवले. "माशांच्या टेबलाकय घाल," आई म्हणाल्या. पण टेबल उचललं असतं तर घट हलला असता. तेव्हा टेबल तसंच राहिलं, आणि दर ठोक्याला चिरलेल्या शंखातलं शेपूट दिसेनासं होताना मी बघत राहिले.

अष्टमीच्या दुपारी जेवून मला डोळा लागला. उकाडा असा की पंख्याचा वाराही तापलेला. जागी झाले तेव्हा उन्हाची तिरीप टाकीवर आली होती आणि पाणी लाल होतं.

आधी माझा हात चादरीवर गेला. मी चादर चाचपली, गाऊन चाचपला, बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली. कोरडी होती. तरी दुसऱ्यांदा बघितली. मग कुठे नजर पुन्हा टाकीकडे गेली. पाण्यात तांबूस धूर पसरला होता, आणि चिरलेल्या शंखाच्या तोंडाशी, वाळूवर, तांदळाचे दाणे पडले होते. बाजूला हळदीची पिवळी रेघ. टेबलाजवळ आई उभ्या होत्या, हातात कुंकवाची डबी.

"आई, हे काय केलंत?"

त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"अहो, कुंकू घातलंत पाण्यात?"

"ओटी भरलंय तिची," त्या म्हणाल्या.

"कुणाची?"

"माशीची. गरवार असा ना ती."

बाजारातल्या त्या लालभडक पुडीत काय असतं, हे सांगण्याचाच मला पगार मिळत होता. मोठ्या टाकीत एखादवेळ निभावलं असतं, ही एवढीशी टाकी. माझ्या तोंडाला आलेलं मी बोलले. घरात एक बाई महिनाभर आडवी पडलीय तिच्या कपाळाला कुंकू लावावंसं वाटलं नाही तुम्हाला, आणि माशाची ओटी भरताय. आवाज चढवायचा नव्हता, तरी चढला, आणि चढल्याबरोबर पोट आवळल्यासारखं झालं म्हणून मी घाबरून थांबले.

आई खाली बसल्या. जमिनीवरच, भिंतीला टेकून, माझ्यापासून तेवढ्याच अंतरावर.

"मागच्या खेपेक तुझी चोरओटी कोणी भरली?" त्यांनी विचारलं.

त्यांनीच भरली होती. तिसऱ्या महिन्यात, कुणाला न सांगता भरायची ती ओटी. त्या नको म्हणत होत्या, विधवेने भरायची नसते म्हणाल्या होत्या, शेजारच्या काकूंना बोलवूया म्हणाल्या होत्या. मीच म्हटलं होतं, असलं काही मी मानत नाही, तुम्हीच भरा. मी तेव्हा फार खुशीत होते.

"मी हात लावलंय नि बघलंस मा काय झाला ता. माझो हात बरो नाय गो. म्हणान ह्या वेळेक तुझ्याजवळ येवक नाय." मग टाकीकडे न बघता म्हणाल्या, "म्हटला, आधी माशार बघूया. तिची पिलां जगली तर..."

इतके दिवस स्टूल दोन बोटांनी पुढे सरकत होतं ते का, हे मला खाटेवर पडल्या पडल्या कळलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण त्यांनी हाताची परीक्षा घ्यायला जे घातलं होतं, त्यानेच ती अंडी मरणार होती. कुंकवाने मेली असती, पण त्या म्हणाल्या असत्या, हाताने मेली. आणि मग माझ्या पोटाकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं असतं, ती नजर मला सोसवली नसती.

"आई, उठा," मी म्हटलं. "पाणी बदलायचंय. आत्ता. मी सांगते तसं करा."

"मी? नको गो. सुजितक फोन कर."

"तो अंधेरीला आहे, येईपर्यंत उशीर होईल. मी वाकू शकत नाही. तुमच्याशिवाय कुणी नाही."

त्या उठल्या. बाल्कनीतली भरलेली बादली आत आणली, दुसरी रिकामी आणली, नळी आणली. नळीचं एक टोक पाण्यात, दुसरं तोंडात धरून ओढायचं, पाणी येताना दिसलं की टोक खालच्या बादलीत सोडायचं. मी झोपून हातवारे करत सांगत होते. पहिल्या वेळी त्यांनी भीतभीत ओढलं, पाणी वर चढलंच नाही. दुसऱ्यांदा जोरात ओढलं आणि घोटभर तोंडात गेलं. त्या बादलीत थुंकल्या, पदराने तोंड पुसलं.

"माशाचा पाणी तोंडात गेला. उपास मोडलो माझो."

"देवी समजून घेईल. नळी खाली धरा, वाळूच्या वर. शंखाला लावू नका."

लाल पाणी बादलीत उतरायला लागलं. तांदळाचे दाणे नळीत शिरेनात, म्हणून ते हाताने वेचायला हवे होते. आईंनी बांगडी नसलेला हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि शंखाच्या तोंडाशी बोटं नेली. शंखातून काहीतरी सुटल्यासारखं बाहेर आलं आणि सरळ त्यांच्या अंगठ्यावर.

"चावली गो," आई म्हणाल्या.

"दुखलं?"

"नाय." त्यांनी हात काढला नाही. ती पुन्हा आली, पुन्हा चावली, मागे गेली, पुन्हा आली. कुंकवाच्या पाण्यातून बाहेर पडलेली, पेराएवढी, आणि एवढ्या मोठ्या हाताला हाकलत होती. "जिती असा," आई म्हणाल्या. "जिती असा गो वैशू." त्या एकेक दाणा वेचत होत्या आणि प्रत्येक दाण्याला चावून घेत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते त्यांना पुसता येत नव्हतं, एक हात टाकीत आणि दुसऱ्यात नळी. नवं पाणी त्यांनी वाटीने, टाकीत ठेवलेल्या बशीवर हळूहळू ओतलं, वाळू न ढवळता. शंख हलला नाही.

दसरा झाला. घट उठला, रुजवण सुजितने कानावर अडकवून मला दाखवलं. मैदान शांत झालं, मंडपाचे बांबू उतरले. आई अजून माझ्याजवळ येत नव्हत्या, पण स्टूल आता हाताने ठेवत होत्या. त्या वाट बघत होत्या. मीही.

पण मी वर्षानुवर्षं हे मासे पाळलेली बाई. मला वाट बघायची गरज उरली नव्हती. चिरलेल्या शंखातली मादी आत वारा घालेनाशी झाली. शेजारणीशी पुन्हा भांडायला लागली. आणि एका दुपारी, आई स्वयंपाकघरात असताना, तिने वाळूचा घास आणून बाहेर टाकला, त्यात एक पांढरा ठिपका होता. मग आणखी एक. बुरशी धरलेली अंडी अशीच बाहेर टाकतात. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. असलं काही मी मानत नाही, हे मला त्या दुपारी स्वतःला किती वेळा सांगावं लागलं ते मलाच ठाऊक. दर वेळी सांगून झालं की हात पोटावर जायचा. मूल झोपलेलं होतं की काय कोण जाणे, हलत नव्हतं.

मग एका सकाळी आईंची हाक आली. त्या काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"वैशू, इलां गो. पिलां भायर इलां."

मी कुशीवर वळून बघितलं. कुसळाएवढी, नुसते डोळे असलेली पिल्लं, शंखाच्या तोंडाशी वाळूवर टेकून होती. पट्ट्याच्या शंखाच्या. शेजारणीच्या. तिचीही अंडी होती, पण तिच्या शंखाचं तोंड कुंकवाच्या उलट बाजूला होतं, आणि तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. दोन शंख इतके जवळ की चष्म्यातून बघणाऱ्या माणसाला ते कळावं अशी अपेक्षाच करू नये.

आई माझ्याकडे बघत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या सरळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आली ना?"

"हो," मी म्हटलं. "आली."

त्यांनी हात धुतले. पुसले. परत धुतले. मग खाटेजवळ, अगदी जवळ येऊन विचारलं, "आता भरू गो तुझी?"

नको म्हणायला एक शब्द पुरला असता. काहीही कारण चाललं असतं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती, टाका घालायच्या टेबलावरसुद्धा नाही. हात लागला आणि आज रात्री काही झालं, तर? त्यांना वाटत होतं परीक्षा पास झाली. ती नापास झाल्याचं मला माहीत होतं, एकट्या मला. पण समोर उभी असलेली बाई हात पुढे करून उभी होती, आणि तो हात मी परत पाठवला असता तर त्यांनी तो जन्मभर पदराखाली ठेवला असता.

"भरा," मी म्हटलं.

गाऊनला कुठला आलाय पदर. त्यांनी स्वतःचं एक जुनं लुगडं माझ्या अंगावर पसरलं. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड. त्या एकेक वस्तू सावकाश ठेवत होत्या. माझी बोटं खाटेच्या पट्टीला घट्ट धरून होती. कपाळाला कुंकू लावताना त्यांचा अंगठा टेकला, तो थंड आणि ओलसर होता. त्यानंतर त्यांनी तेलाची बाटली घेतली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि वेणी घालायला बसल्या, आणि गावातल्या कुणाच्या म्हशीची गोष्ट सांगायला लागल्या. मी हं हं करत होते. काही ऐकत नव्हते. पोटात कुठे काही सुटतंय का, एवढंच ऐकत होते. त्या दिवसापासून बाळंतपणापर्यंत मी तेच ऐकत राहिले.

रेवा थंडीत झाली, दिवस भरून. टाका काढल्यावरसुद्धा तिला बाहेर यायची घाई नव्हती.

आई आता कायमच्या आमच्याकडेच असतात. दर अष्टमीला माशांची ओटी भरतात, पण बाहेरून. काचेला कुंकवाचं बोट, समोर वाटीत तांदूळ. रेवा शेजारी उभी राहून तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावते. आजीने उपास मोडून पाणी ओढलं, मासा आजीला चावला, मग पिल्लं आली, मग रेवा आली. "कुठल्या शंखातून, आजी?" आजी बोट ठेवून दाखवतात, "ह्या." चिरलेल्या तोंडाचा तो शंख अजून टाकीत आहे. त्यानंतर त्यातून कितीदा पिल्लं निघाली. मी काही बोलत नाही.

त्यांची भीती त्या सकाळी गेली. ती कुठे गेली ते मला माहीत आहे.

आज संध्याकाळी मैदानावर ढोल सुरू झाले, टाकीत रेघा उठल्या, मासे आत गेले. रेवा चणिया-चोळी घालून दाराशी चपला शोधत होती. "थांब गो, कपाळ रिकामा असा," म्हणत आजी डबी घेऊन आल्या. त्यांनी तिची हनुवटी धरली आणि अंगठ्याने कुंकू लावलं, सहज, भाजीत मीठ घालतात तसं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, श्वास धरून. काही झालं नाही. दरवर्षी काही होत नाही. रेवा जिना उतरायला लागली, आणि तिच्या पावलांचा आवाज ढोलात मिसळून जाईपर्यंत मी तशीच उभी राहिले.